राखेनं आखलेलं मैदान

आमचं गाव दोन ठिकाणी आहे असं मी कॉलेजात सांगायचे, तेव्हा मैत्रिणी हसायच्या. पण त्या काळी ते खरं होतं. भद्रावतीच्या पलीकडे कोळशाच्या खाणीसाठी जमीन गेली आणि आख्खं गाव उचलून डांबरी रस्त्याच्या कडेला नेऊन वसवलं. त्याला आम्ही नवं गाव म्हणायचो. जाताना लोकांनी घरांवरचे कवेलू, दारं, चौकटी, छपराचे फाटे, जे निघेल ते काढून ट्रॅक्टरमध्ये घातलं. मागं राहिल्या नुसत्या भिंती. खाण तिथवर पोचायला मात्र अजून अवकाश होता, म्हणून जुनं गाव तसंच उभं राहिलं. घराघरांत तरोट्याचं रान माजलं, विहिरींवर बेशरमीची झुडपं वाकली, आणि खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर दर पावसाळ्यानंतर थोडा जवळ आल्यासारखा दिसायचा.

मी तेव्हा दहावीत होते आणि आठशे मीटर धावायचे. जिल्ह्यात पहिली आले, नागपूरला विभागातून निवड झाली आणि जानेवारीत राज्याच्या स्पर्धेला जायचं ठरलं. वर्गातही माझा पहिला नंबर कधी सुटला नव्हता. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच सल्ला द्यायचा, "दहावीचं वर्ष आहे, आता तरी पोरीचं पळणं बंद करा." बाबा कोणालाच उत्तर द्यायचे नाहीत. जमिनीच्या बदल्यात त्यांना खाणीत नोकरी मिळाली होती. रात्रपाळी करून यायचे, आणि डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच असताना मला उठवायचे.

प्रश्न धावायचं कुठं हा होता. नव्या गावात मैदानासाठी जागा सोडली होती, पण तिच्यात दगडच दगड. डांबरी रस्त्यावर पहाटेपासून कोळशाचे ट्रक. पीटीच्या सरांनी एकदा मला ट्रकपासून हात धरून ओढलं, त्या दिवसानंतर ते म्हणाले, "रस्त्यावर नाई. मले झोप येत नाई मंग." तेव्हा बाबांनीच सुचवलं, जुन्या शाळेचं मैदान. सपाट आहे, मोठं आहे, आणि तिकडं कोणी येत नाही.

सर आणि बाबा दोघांनी मिळून पावड्यानं गवत काढलं, दोरीनं मापून खुंट्या रोवल्या. शाळेची इमारत पक्की होती म्हणून तिचा स्लॅब तेवढा शाबूत होता. खिडक्यांचे गज नेले होते. व्हरांड्यात बसलं की समोर मैदान, मैदानापलीकडे चिंच, चिंचेपलीकडे बिनछपराची घरं. पहिल्या दिवशी मी धावले आणि मला माझ्याच पावलांचा आवाज त्या भिंतींवरून परत आलेला ऐकू आला. थांबले तरी तो जरासा मागं राहून थांबायचा. सर म्हणाले, रिकाम्या गावात असंच होते. मी मान डोलावली.

आठवडाभरानं एका सकाळी आम्ही पोचलो तर मैदान झाडलेलं होतं. नुसतं झाडलेलं नाही, त्यावर लेन आखल्या होत्या. वळणं अगदी गोल, रेषा सरळ, मध्ये अंतर सारखं. चुन्यानं नव्हे, राखेनं. धुक्यात त्या करड्या रेषा जमिनीतूनच वर आल्यासारख्या वाटत होत्या.

"सरांनं आखलं असन," बाबा म्हणाले.

सर मागून सायकल टेकवत आले आणि म्हणाले, "वा भाऊ. रातपाळी करून हेही केलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्या रेषांमधून धावले, कारण धावायला आले होते. घरी आल्यावर आईला सांगितलं तर तिनं भाकरीचा हात थांबवला. "राखेचं रिंगण कोणी चांगल्यासाठी काढत नाई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या दंडाला काळा दोरा बांधला आणि स्वतःही आमच्यासोबत निघाली.

रेषा रोज ताज्या असायच्या. रात्रीच्या दवानं पुसट झालेल्या असायला हव्या होत्या, तशा त्या कधी नव्हत्या. आमच्या आधी कोणीतरी येऊन जात होतं. सरांनी एक-दोनदा लवकर येऊन पाहिलं, पण अंधारात तिकडं एकटं थांबणं बरं नव्हतं. मातीच्या डोंगरावर वाघाचे पंजे दिसायचे, खाणीतले लोक सांगायचे.

मग एका सकाळी, मी लांबच्या वळणावर असताना शिट्टी वाजली. सरांची शिट्टी त्यांच्या खिशात होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते चिंचेकडे पाहत होते. चिंचेखालून एक म्हातारा माणूस पुढं आला. अंगात पांढरा पायजमा, वर बंडी, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हातात राखेचं टोपलं. तो माझ्याकडे पाहून हसला आणि त्यानं मला एका नावानं हाक मारली. ते नाव माझं नव्हतं.

"हात सैल सोड," तो म्हणाला. "मुठी काऊन आवळतेस? कोणाले मारायचं आहे काय?"

सर बाहेरगावचे, त्यांनी त्या म्हाताऱ्याला ओळखलं नाही. बाबांनी ओळखलं. ते या शाळेचे जुने गुरुजी होते. बाबांनाही त्यांनीच शिकवलं होतं. नव्या गावात मुलाकडे राहायचे आणि गेल्या काही वर्षांत त्यांची आठवण गेली होती. गाव हललं हे त्यांच्या डोक्यात राहिलंच नव्हतं. सून पहाटे चूल पेटवायची, त्याआधी कालची राख टोपल्यात भरून ते निघून यायचे. घरच्यांना वाटायचं, देवळात जातात.

पण बाबा मला गुरुजींबद्दल सांगत असताना त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "त्यायनं घेतलं ते नाव माह्या बहिणीचं होय."

मला आत्या होती हे मला तोवर माहीतच नव्हतं. आईला माहीत होतं, पण तिनंही ते नाव घरात कधी ऐकलं नव्हतं. ना फोटो, ना आठवण, ना पित्रांच्या दिवशी कोणी उच्चार केलेला. बाबांनी चालता चालता सांगितलं. ते स्वतः दुसरीत असतील, बहीण सातवीत. फार जोरात पळायची. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या म्हणून गुरुजी तिला शाळा सुटल्यावर थांबवून सराव करून घ्यायचे. रोज घरापर्यंत सोडायला यायचे. एका संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी मैदान आखायचं राहिलं होतं, म्हणून म्हणाले, आज तू जा, मी एवढं आटोपतो. ती एकटी निघाली. बांधावर तिला साप चावला. बैलगाडी वरोऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"त्याच्यानंतर गुरुजींनं शाळेत कधी खेळ घेतले नाई," बाबा म्हणाले. "आन् आमच्या मायनं तिचं नाव घेणं सोडलं."

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी बैठकच बसली. पीटीचे सर होते, आणि माझ्या वर्गशिक्षिका, गणिताच्या मॅडम, त्यांनाही बोलावलं होतं. आई दाराशी उभी होती.

"मेलेल्या पोरीच्या नावानं माही पोरगी पळणार नाई," ती म्हणाली. "मेडल नसलं तरी चालन."

सर खाली पाहत होते. ते मूळचे कबड्डीवाले. त्यांनी खरं ते सांगितलं, "बाई, मलेही बरं नाई वाटत. पण दुसरं मैदान माह्याजवळ नाई."

"गुरुजींच्या घरी सांगून त्याहिले थांबवता येईन," मॅडम म्हणाल्या.

बाबा पहिल्यांदा बोलले. "येऊ नोका म्हटलं तर म्हातारा मरते."

मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत त्या कडक होत्या, पण प्रश्न विचारला की उत्तराची वाट पाहायच्या, हे मला त्यांच्याबद्दल फार आवडायचं. "तुले भेव लागते काय?"

"लागते."

"मंग?"

"पळायचं आहे."

त्यांनी थोडा विचार केला आणि आईला म्हणाल्या, "आपण दोघी जाऊ. ते एकटी राहणार नाई, एक मिनिटही नाई. मी स्कुटी घेऊन येतो. पळणं झालं की तिथंच बसून गणितं करून घेतो, म्हणजे तुमच्या पाहुण्याहिले बोलायले जागा नाई." आई हसली नाही, पण तिनं चहा ठेवला.

अशी ती थंडी सुरू झाली. पहाटे बाबा रात्रपाळीवरून थेट मैदानावर, सर घड्याळ घेऊन, आई डब्यात उकडलेली अंडी आणि भिजवलेले चणे घेऊन, मॅडम स्कुटीवर स्वेटर-मफलर गुंडाळून. आणि चिंचेखाली गुरुजी. त्या ओसाड गावात एवढी माणसं फक्त माझ्यासाठी जमत होती, आणि त्यातल्या एकाला मी मीच आहे हे माहीत नव्हतं.

मी त्या नावाला ओ द्यायला लागले. सुरुवातीला मुद्दाम, नंतर आपोआप. एकदा वर्गात कोणी माझं खरं नाव घेतलं आणि मी वळलेच नाही. मॅडमनी ते पाहिलं. त्या दिवसापासून सराव संपला की त्या माझं नाव मोठ्यानं घेऊन मला व्हरांड्यात बोलवायच्या, शेजारी बसवायच्या आणि वर्गसमीकरण पुढ्यात टाकायच्या. ते सोडवताना अंगातला गारठा हळूहळू निघायचा.

सराव संपल्यावरचा भाग सगळ्यांत अवघड होता. गुरुजी टोपलं बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "चाल, घरी सोडून देतो." आता सकाळ आहे, ऊन पडलंय, हे त्यांच्या लेखी नव्हतं. ते पुढं, मी मागं, असे आम्ही जुन्या गल्लीतून जायचो. ते पडक्या भिंतींना विचारत जायचे, झालं काय जेवण, बैल आले काय. आमच्या जुन्या घरासमोर थांबायचे. मी त्याच घरात जन्मले होते. आता दाराच्या जागी नुसतं भोक होतं आणि आत माझ्या कमरेएवढा तरोटा.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "आत जा. कडी लाव." मी आत जाऊन भिंतीआड उभी राहिले. वाटलं, ते जातील. ते गेले नाहीत. ते आत पाहून हाक मारू लागले, माझ्या आजीला. आजी जाऊन कित्येक वर्षं झाली होती. "पोरगी आली जी, आणून सोडली," ते म्हणत होते. उत्तर नाही. त्यांचा आवाज चढू लागला, मग फाटला. ते दाराशीच उभे राहिले, आणि मला कळेना की बाहेर यावं की नाही. बाबा गल्लीच्या तोंडाशीच थांबले होते.

तेव्हा मागच्या पडक्या भिंतीवरून आई आत उतरली. माझ्या शेजारून पुढं झाली, पण दारात दिसेल इतकी नाही, आणि आतूनच म्हणाली, "आली जी गुरुजी. पोचली. आता तुमी जा."

बाहेर चपलांचा आवाज लांब गेला. आईनं माझा हात धरला होता.

त्यानंतर आई रोज तसंच करायची. सराव संपत आला की ती निघून जुन्या घरात जाऊन बसायची, वाट पाहायची, आणि हाक आली की उत्तर द्यायची. जी सासू तिला कधी लेकीबद्दल बोलली नव्हती, तिच्या वतीनं. एकदा तिनं मला सांगितलं, "आत बसलं की मलेच वाटते पोरीले उशीर झाला. जीव घाबरा होते."

माझी वेळ सुधारत होती. सर घड्याळ पाहून गालातल्या गालात हसायचे. पण एक गोष्ट त्यांना खटकायची. "तू आतली लेन रोज सोडतेस. बाहेरून पळतेस. काऊन?"

मी म्हटलं, आत राख जास्त असते, पाय घसरतो. ते खरं नव्हतं. खरं काय होतं ते मला सांगता येत नव्हतं. दिवाळीनंतर कधीतरी मी आपोआप दुसऱ्या लेनमध्ये सरकले होते, गर्दीत कोणाला जागा द्यावी तशी. चिंचेजवळच्या वळणावर माझ्या डाव्या अंगाला गार वाटायचं. मी तिकडं पाहत नसे.

स्पर्धेला जायच्या आधीच्या आठवड्यात फार दाट धुकं पडलं. व्हरांड्यातून चिंच दिसत नव्हती. मी शेवटची फेरी संपवून व्हरांड्याशी आले, वाकून श्वास घेत होते. गुरुजी त्या दिवशी व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे निराळे होते. स्वच्छ. झोपेतून उठलेल्या माणसाचे असतात तसे.

"तू कोणाची वं?" ते म्हणाले.

मी बाबांकडे बोट दाखवलं. त्यांनी बाबांना न्याहाळलं. "तू लहाना," ते म्हणाले. "नाक पुसत यायचास बहिणीच्या मागं."

"हव गुरुजी," बाबा म्हणाले.

"ते तर गेली."

"हव."

गुरुजी बराच वेळ आपल्या राखेनं माखलेल्या हातांकडे पाहत राहिले. मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. आई अजून जुन्या घराकडे निघाली नव्हती. मग गुरुजींनी मान वर केली आणि लांबच्या वळणाकडे पाहिलं, जिथं धुक्याशिवाय काही नव्हतं.

"मंग हे कोण?" त्यांनी अगदी साध्या आवाजात मला विचारलं. "रोज तुह्या संगं आतून पळते ते?"

आम्ही सगळे तिकडं वळलो. धुकं हलत नव्हतं. कुठंतरी टिटवी ओरडली आणि थांबली. मला वाटलं, माझ्याच पावलांचा तो मागं राहणारा आवाज येतोय. पण मी उभी होते. आईनं मला मागून घट्ट धरलं. सरांच्या हातातलं घड्याळ चालूच होतं, ते बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

गुरुजींची नजर वळणावरून हळूहळू सरकत आली, सरळ रेषेवरून, आमच्यासमोरून, आणि व्हरांड्याशी थांबली. ते हसले. मग बाबांना म्हणाले, "तिले घरी ने रे. मले आता चालवत नाई."

बाबांनी काय केलं ते मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. त्यांनी काही विचारलं नाही. ते पायरी उतरले, क्षणभर थांबले, जसं कोणी सोबत यायची वाट पाहावी, आणि गल्लीकडे चालू लागले. एकटे. एक हात शरीरापासून जरासा दूर, बोटं किंचित वाकलेली. धुक्यात ते दिसेनासे झाले. मला हाक मारावीशी वाटली, पण मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. किती वेळ गेला माहीत नाही. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, आणि ते कोळशानं नव्हते.

त्या दिवसानंतर गुरुजी मैदानावर आले नाहीत. सून म्हणाली, आता ते खाटेवरून उठतच नाहीत, कोणालाच ओळखत नाहीत, पण शांत असतात. सकाळी रेषा पुसट व्हायला लागल्या. उरलेले दिवस मी आतल्या लेनमधून धावले. गार वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटत राहिलं.

राज्याला मी तिसरी आले. सरांनी स्टेशनवरून बाबांना फोन लावला आणि त्यांना स्वतःलाच बोलता येईना, म्हणून फोन माझ्या हातात दिला. मार्चमध्ये दहावीचे पेपर झाले, निकाल मॅडमनी ठरवला होता तसाच लागला. गुरुजी उन्हाळ्यात गेले. बाबांनी खांदा दिला.

पुढं दोन पावसाळ्यांनी खाण तिथवर आली. आधी चिंच पाडली, मग शाळा, मग घरं. मी नागपूरला शिकत होते. सुट्टीत आले तेव्हा बाबांनी मला खाणीच्या काठावर नेऊन दाखवलं. खाली डंपर मुंग्यांसारखे फिरत होते. मैदान पुसलं गेलं असतं तर निदान त्याची जमीन तरी राहिली असती. इथं जमीनच नव्हती. जिथं मी धावत होते, तिथं आता नुसती हवा होती. मी त्या हवेकडे फार वेळ पाहू शकले नाही.

आता मी गडचिरोलीकडच्या एका शाळेत शिकवते. मुलींना पळवते. संध्याकाळचा सराव ठेवत नाही. का, ते कोणी विचारलं तर इथं जंगल आहे, वाघ आहे, असं सांगते, आणि ते पुरतं.

घरी मात्र एक बदल झाला. स्पर्धेहून परत आले त्या रात्रीच्या जेवणात बाबा अचानक म्हणाले, "तिले वांगं आवडत नव्हतं. माह्या ताटात टाकून द्यायची." आईनं वाढता वाढता हात थांबवला. बाबा सांगत राहिले. बोरं भरून खिसे कसे चिकट व्हायचे तिचे, मारायची किती, आणि एकदा त्यांना पाठीवर घेऊन नाला कसा ओलांडला. आई मध्ये मध्ये विचारत होती, मग, मग काय झालं. भात गार झाला तरी कोणी उठलं नाही.